कासवाला ओकता येत नाही, मामा

‘समुद्रातल्या प्लॅस्टिकचा बागुलबुवा’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. काल तो आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली धडाधड अंगठे उमटले. म्हणून हे लिहिणं आलं.

त्यातलं सगळ्यात अचाट विधान: ‘कासवं, मासे प्लॅस्टिक खातात आणि विष्ठेतून टाकून देतात, निसर्गानेच सोय केलीय.’ सोयच बघायची तर समुद्री कासवाचा घसा बघा. आतून काटेच काटे, आणि प्रत्येकाचं टोक पोटाकडे वळलेलं. घासाबरोबर आलेलं खारं पाणी बाहेर सोडताना जेलीफिश निसटू नये म्हणून ही रचना. पाण्यात कॅरीबॅग दिसते जेलीफिशसारखीच. एकदा गिळली की परतीची वाट बंद. काही तुकडे खालून पडतातही, नाही असं नाही. पण अडकले तर? ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी जवळपास हजार कासवांच्या शवविच्छेदनाच्या आणि किनाऱ्याला लागल्याच्या नोंदी तपासून २०१८ साली हिशेब मांडला. पोटात १४ तुकडे असले तर मरण्याची शक्यता ५० टक्के. एकच असला तरी २२ टक्के. एकच! दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, वेफर्सच्या पुड्याची फाडलेली कड, एवढंसं पुरतं. आणि कासवं काही परदेशातच नसतात. ऑलिव्ह रिडले आपल्या वेळासला, गुहागरला अंडी घालायला येतात.

‘कोल्हापूरला समुद्रच नाही.’ म्हणजे आपला कचरा तिथे जातच नाही, असं पुढचं म्हणणं. बरं. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर आहेत, बराच कचरा तिथेच अडकत असणार, एवढं मान्य. पण धरणातल्या माशांना तो गोड लागतो की काय? पूर ओसरल्यावर राजाराम बंधाऱ्याला लटकलेल्या पिशव्या बघा एकदा. शिवाय सुट्टी लागली की आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला गाड्या भरभरून कोण जातं?

‘ऊन आणि मीठ प्लॅस्टिक विरघळवतात.’ विरघळवत नाहीत. ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो, आणि भुगा गिळणारे जीव आणखी वाढतात.

‘खरा कचरा कोळ्यांच्या जाळ्यांचा.’ हे अर्धं खरं आहे. पॅसिफिकमधल्या सगळ्यात मोठ्या कचरापट्ट्यात वजनाने ४६ टक्के जाळीच असल्याचा अंदाज २०१८ सालीच आला होता. फक्त ती जाळीही प्लॅस्टिकचीच असतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुताची वाटली असावीत.