झाकणे, दोरा आणि फासे

गणित कृतीतून शिकवावे, असे बजावणाऱ्या हस्तपुस्तिकांत एक वाक्य हमखास असते: ‘यावरून विद्यार्थी स्वतःच निष्कर्षापर्यंत पोहोचतील.’ विद्यार्थी पोहोचतात, याबद्दल मला शंका नाही. ते कुठे पोहोचतील, याचा अंदाज बांधण्यात मात्र सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेचे अर्धे आयुष्य खर्ची पडते.

परिघाला व्यासाने भागण्याची कृती घ्या. प्रत्येक गटाला एक गोल झाकण, दोरा आणि मोजपट्टी द्यायची, दोरा झाकणाभोवती गुंडाळून परीघ मोजायला लावायचा आणि भागाकार सगळीकडे जवळपास सारखाच आल्याचे पाहून मुलांचे डोळे विस्फारताना आपण बघायचे, अशी मूळ योजना आहे. प्रत्यक्षात पहिली दहा मिनिटे दोऱ्याच्या वाटणीवरून उद्भवलेले तंटे सोडवण्यात जातात आणि त्यानंतर फळ्यावर उत्तरे येऊ लागतात, ती २.८ पासून ३.४ पर्यंत कुठेही विसावलेली असतात. एका गटाचे उत्तर सहाच्या पुढे असते, कारण त्यांनी त्रिज्येलाच व्यास मानलेले असते; दुसऱ्याचे ०.३२ असते, कारण त्यांनी भागाकार उलटा केलेला असतो. अशा उत्तरांवर माझा खरे तर जीव आहे, कारण त्यांच्याकडे पाहताक्षणी चूक कुठे झाली ते कळते. चुका इतक्या पारदर्शक असण्याचे भाग्य इतर विषयांच्या शिक्षकांना क्वचितच लाभत असावे.

मला धास्ती असते ती बरोबर ३.१४ उत्तर आणणाऱ्या गटाची. या गटाचा दोरा रिळावरून सुटलेलाही नसतो. परीघ कसा मोजला, असे विचारल्यावर गटप्रमुख अत्यंत प्रांजळपणे सांगतो, “बाई, व्यास मोजला आणि त्याला ३.१४ ने गुणलं.” मग परिघाला व्यासाने का भागले? “कृतीत तसं लिहिलंय म्हणून.” यावर रागावणे कठीण आहे, कारण सूचनांचे पालन या गटाइतके निष्ठेने कोणीच केलेले नसते. खरे सांगायचे तर दहा सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर व्यास मोजताना एका मिलिमीटरचा फरक पडला, तरी उत्तर सुमारे ०.०३ ने सरकते. त्यामुळे दोरा आणि मोजपट्टी घेऊन इमानदारीने मोजणाऱ्याला ३.१ किंवा ३.२ मिळाले, तर त्याने समाधान मानावे.

या गटाला थोर पूर्वपरंपराही आहे. समांतर रेषा आखलेल्या पृष्ठभागावर सुई टाकत राहिले आणि ती रेषेला किती वेळा छेदते हे मोजले, तर त्यावरून पायची (π ची, म्हणजे परिघाला व्यासाने भागून येणाऱ्या संख्येची) किंमत काढता येते, या कल्पनेचे मूळ बुफाँ या फ्रेंच विद्वानाच्या एका प्रश्नात आहे. तो १७७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९०१ मध्ये लाझ्झारिनी नावाच्या इटालियन गणितज्ञाने ३४०८ वेळा सुई टाकून ३५५/११३ हे उत्तर मिळवल्याचे जाहीर केले. ते सहा दशांश स्थळांपर्यंत अचूक आहे आणि नेमके त्याचमुळे त्याच्यावर आजतागायत कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. माझा गटप्रमुख हे ऐकून ओशाळेल, अशी माझी अपेक्षा होती. त्याने फक्त, “म्हणजे त्यानेही गुणलं होतं?” असे आपुलकीने विचारले.

त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी-शेजारी लावण्याच्या कृतीबद्दल इतकेच सांगते की, फाडण्यापूर्वी कोपऱ्यांवर खूण करून घ्यावी. अन्यथा मूळचा कोपरा कोणता आणि फाडताना तयार झालेला कोणता, हे ओळखता येत नाही आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज वर्गाच्या बहुमतावर अवलंबून राहते.

फाशांची शर्यत त्यामानाने बरी. एक ते बारा असे क्रमांक दिलेले बारा धावपटू, दोन फासे आणि जी बेरीज येईल त्या क्रमांकाच्या धावपटूने एक घर पुढे सरकायचे. छत्तीस शक्यतांपैकी सहांमध्ये बेरीज सात येते, दोन आणि बारा मात्र प्रत्येकी एकदाच. हे मुलांच्या ध्यानात यावे, हा हेतू. सातवाल्यांच्या ध्यानात आले ते एवढेच की, त्यांच्या हाताला गुण आहे. पहिला नंबर म्हणून हौसेने एक क्रमांक निवडलेल्या मुलाचा धावपटू जागचा हलायला तयार नव्हता. हे असे का होत असावे, असे मी सूचकपणे विचारले, तेव्हा “बाई, खेळ अजून संपलेला नाही,” असे म्हणून त्याने माझीच समजूत घातली.

सातचा धावपटू अंतिम रेषेपाशी पोहोचत असताना मात्र त्याने हात वर करून, आता एकाच फाशाने खेळावे, अशी मागणी केली. त्याबरोबर सातवाले उसळून उभे राहिले आणि एका फाशावर सहाच्या वर काही येऊच शकत नाही, मग सात कुठून येणार, हे त्यांनी एका सुरात आणि निर्दोष तर्काने सिद्ध केले. एकवाला शांतपणे म्हणाला, “मग आत्तापर्यंत माझं काय चाललं होतं?”