एमटी (मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे) टायर पावसात जास्त पकड देतात? डांबरावर तरी नाही

“मोठ्या ठोकळ्यांचे एमटी टायरच पावसाळ्यात सेफ, बाजूवर एम+एस (मड अँड स्नो, चिखल-बर्फ) लिहिलंय की!” हा सल्ला सध्या थारवाल्यांत फिरतोय. चिखलापुरता तो खरा. ओल्या डांबरावर उलटं होतं. ठोकळ्यांमधल्या फटी रुंद, त्यामुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी, पाणी कापणाऱ्या बारीक चिरा मोजक्याच. ब्रेक दाबला की ठोकळे वाकतात आणि गाडी लांब जाऊन थांबते. एम+एस नुसत्या नक्षीच्या रचनेवरून छापतात, त्यासाठी ओल्या रस्त्यावरची चाचणी लागत नाही.

रोज ऑफिस आणि अधूनमधून कच्चा रस्ता असेल तर एटी (ऑल-टेरेन, दोन्हीकडे चालणारे) टायर घ्या. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. १११ म्हणजे टायरमागे १,०९० किलो. टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा.

दोनच टायर बदलायचा मोहही टाळा. मागचे नवे, पुढचे झिजून गोटा, अशा गाडीत फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतो आणि घेरातला फरक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) बोकांडी बसतो.