नोटांच्या पाकिटातच गळवांची खबर

"व्हिक्टोरियन काळातले इंग्रज व्यापारी आजार लपवायचे, पत्रांत फक्त हिशोब लिहायचे, मैत्रीही व्यवहारापुरती ठेवायचे, म्हणूनच मोठे झाले." असा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. पुरुषांनीही असंच वागावं, हा उपदेश वर फुकट.

आजार लपवायचे? रॉचडेलचा गिरणीमालक आणि मँचेस्टरचा खासदार जॉन ब्राइट १८५६ साली मनानं पार कोसळला. कामधाम सोडून स्कॉटलंडात मासे धरत बसला, मग अल्जिअर्स, मग इटली. तो परदेशात असतानाच १८५७ मध्ये मँचेस्टरनं त्याला पाडलं, पण आजारामुळे नव्हे, क्रिमियाच्या आणि चीनच्या युद्धांना केलेल्या विरोधामुळे. त्याच ऑगस्टात बर्मिंगहॅमनं त्याला निवडून दिलं, तेव्हाही तो पुरता बरा नव्हता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फक्त हिशोब? पेढीवरून जाणाऱ्या पत्रांची नक्कल दाबयंत्रानं वहीत उतरवून ठेवत. तेवढीच वही चाळली तर हिशोबच दिसणार! खासगी पत्रं त्या वहीत नसायची.

आणि खासगी पत्रांतही पैसा असायचाच, पण एकटा नाही. छापील कापडाचा कारखानदार रिचर्ड कॉब्डेन १८४५ मध्ये बुडायच्या बेतात होता. परदेशी धान्यावर जकात लावणाऱ्या धान्य कायद्याविरुद्धचं आंदोलन सोडतो, असं त्यानं ब्राइटला कळवलं. ब्राइट तेव्हा स्कॉटलंडात. त्यानं व्याकूळ होऊन उत्तर लिहिलं, तेवढ्यानं चैन पडेना म्हणून स्वतः मँचेस्टर गाठलं आणि मित्रांकडून पैशांची तजवीज केली. याला व्यवहार म्हणायचं की मैत्री, तुम्हीच ठरवा.

कार्ल मार्क्सचा मित्र एंगल्स, त्याचं तर विचारूच नका. मँचेस्टरच्या सूतगिरणीच्या कचेरीत बसून तो मार्क्सला नोटा पाठवायचा, चोरीच्या भीतीनं अर्ध्या कापून, दोन वेगळ्या पाकिटांत. त्याच पत्रव्यवहारात मार्क्सची गळवं आहेत, १८६६ मध्ये एंगल्सनं डॉक्टर गुम्पर्टला विचारून सुचवलेला आर्सेनिकचा उपाय आहे. १८५७ मध्ये एंगल्स आजारी पडला तेव्हा मार्क्सनं वैद्यकाची पुस्तकं पालथी घालून लोह घ्यायचा सल्ला दिला होता.

मैत्रीत कोरडेपणा दाखवणारं एक पत्र मात्र खरंच आहे. जानेवारी १८६३ मध्ये एंगल्सची सहचरी मेरी बर्न्स वारली. सांत्वनाच्या एक-दोन ओळी खरडून पत्रभर स्वतःच्या पैशांचं रडगाणं गायलं ते मार्क्सनं, आणि तो काही व्यापारी नव्हता. एंगल्सनं काही दिवस गप्प राहून मग सुनावलं की माझ्या साध्यासुध्या ओळखीच्या माणसांनीही तुझ्यापेक्षा जास्त माया दाखवली. मार्क्सला माफी मागावी लागली.