पोरांच्या हातात वही द्या

युवकांसाठीच्या सरकारी योजना यायच्या कितीतरी आधीपासून कोल्हापुरात पोरं घडत होती. पेठापेठांत तालमी होत्या. १९०१ पासून शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. खेड्यातनं आलेल्या पोराला राहायला जागा आणि पोटाला अन्न मिळालं की तो शिकतो, इतका सरळ हिशेब. खोट पोरात नाही, अडचण सोयीची आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. युवाकार्याची याहून भक्कम सुरुवात मला माहीत नाही.

पुढं तरुण म्हणजे राष्ट्र उभारणारे हात, असा विचार आला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे कॉलेजातली एनएसएस, सुरू झाली. १९७२ ला नेहरू युवा केंद्रं आली. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास काम, दत्तक गाव, सात दिवसांचं निवासी शिबिर. अशी शिबिरं मी बरीच वर्षं घेतली आणि त्यांचं मोल मला ठाऊक आहे. शहरातली पोरगी पहिल्यांदा वाडीवरच्या चुलीपाशी बसून भाकरी खाते, त्या घरातल्या सुनेशी बोलते, ते तिला जन्मभर पुरतं. पण गाव कुठलं, बंधारा कुठं, हे ठरवणार प्राध्यापक आणि सरपंच. पोरांनी फक्त पाटी उचलायची.

अलीकडं भर कौशल्यावर आला. राष्ट्रीय युवा धोरणात २००३ ला तरुणाचं वय १३ ते ३५ होतं, २०१४ ला ते १५ ते २९ झालं. रोजगार महत्त्वाचाच, एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या पोरांचे हाल मी बघतोय. पण तीन दिवसांची कार्यशाळा, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि हजेरीचा आकडा वर पाठवला की काम संपलं, ही पद्धत मला मान्य नाही.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, कारण तिथं मुलं वापरून घेतली जातात किंवा शोभेपुरती उभी केली जातात. आपले बहुतेक युवा महोत्सव या तीन पायऱ्यांवरच अडकलेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि म्हणून मला तालीम मंडळं, म्हणजे पेठेतला गणपती आणि फुटबॉल संघ चालवणारी आमची मंडळं, महत्त्वाची वाटतात. तिथली हुल्लडबाजी, फुटबॉलच्या मॅचनंतरच्या मारामाऱ्या, कानठळ्या बसवणारा साऊंड, यातलं काहीच मी झाकत नाही. पण तिथं एकोणीस वर्षांचं पोरगं खजिनदार असतं. पावतीपुस्तकं कुणाकडं दिली, किती परत आली, मांडववाल्याला ॲडव्हान्स किती गेला, सगळं त्याच्या वहीत. सभेत एखादे काका उठून विचारतात, "लायटिंगचं बिल गेल्यापेक्षा जास्त कसं रे?" आणि ते पोरगं भर सभेत पान उलगडून उत्तर देतं. असा घाम कुठल्या कार्यशाळेत फुटत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याचा प्रत्यय आला. कोल्हापूरजवळची चिखली, आंबेवाडी ही गावं पाण्यात होती. कुठल्या गल्लीत म्हातारी एकटी आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, हे मंडळांच्या पोरांना तोंडपाठ होतं. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं. वर्गणीला दारोदार फिरल्यानं माणसं माहीत झाली होती.

यात मुली मात्र नाहीत. आरतीला, हळदीकुंकवाला आहेत, हिशेबाला नाहीत. गल्लीतली अर्धी तरुणाई बाहेर ठेवून कुणाचा विकास होणार?

आमच्या भागातल्या मंडळाची सभा गणपतीच्या आधी असते. यंदा खजिनदार म्हणून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचं नाव मी सुचवणार आहे. तिला विचारून झालंय, ती तयार आहे. तिची अट एकच आहे, बँकेच्या खात्यावर सहीचा अधिकारही तिला हवा. भागातल्या मंडळींनी सभेला यावं आणि विरोध असेल तर तो तिच्यासमोर बोलून दाखवावा.