खुलासा: फास्ट फ्यूज लावला म्हणून मॉस्फेट वाचत नाही

मालवण-देवगडकडच्या होडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: "बॅटरी चार्जरला फास्ट फ्यूज टाका, मॉस्फेट कधीच जळणार नाही." मॉस्फेट म्हणजे चार्जरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, फास्ट फ्यूज म्हणजे लवकर वितळणारा फ्यूज. हे खरं नाही. याच्या भरवशावर कुणी समुद्रात जाऊ नये.

अशा बऱ्याच चार्जरमध्ये डायोडच्या, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या, जागी मॉस्फेट असतो. २० अँपिअरला अर्धा व्होल्ट खाणारा डायोड १० वॉट उष्णता करतो, ५ मिलिओहमचा मॉस्फेट फक्त २. पण डायोड उलटा प्रवाह आपोआप अडवतो. मॉस्फेट चालू राहिला तर बॅटरीतला प्रवाह मागेही वाहतो. शिवाय आळीपाळीने चालणारे वरचा-खालचा असे दोन मॉस्फेट वेळ चुकून एकदम चालू झाले, की थेट शॉर्ट! मग मॉस्फेट काही मायक्रोसेकंदांत जाऊ शकतो, फ्यूज वितळायला बहुधा मिलिसेकंद लागतात. फ्यूज आगीपासून वाचवतो, तो काढू मात्र नका.

मॉस्फेटला खरं वाचवतो चांगला गेट ड्रायव्हर, म्हणजे मॉस्फेटच्या गेटला (चालू-बंद करणाऱ्या टोकाला) इशारा देणारी चिप. एक बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधी तो क्षणभर थांबतो, म्हणजे डेड टाइम. आणि जास्त प्रवाहामुळे चालू मॉस्फेटवरचा व्होल्टेज वाढताच तो मॉस्फेट बंद करतो. आपल्याकडची खारी हवाही दोषी आहेच, बोर्डावर मिठाची ओल बसली की गेटजवळ प्रवाहाची गळती होते. दुरुस्तीला नेलात तर नुसता मॉस्फेट बदलू नका, ड्रायव्हरही तपासून घ्या.