शेवटचं टिंब

शाळेत वाक्याच्या शेवटी पूर्णविराम राहिला, तर अर्धा गुण कापायचे. अर्ध्या गुणानं कोणाचं काय अडतंय, म्हणून मी ती सवय कधी लावून घेतली नाही. पुढे डोमेन नेम सर्व्हरनं, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रानं, ती सगळी थकबाकी एका रात्रीत व्याजासकट वसूल केली.

स्वतःचा नेम सर्व्हर चालवायची मला काडीची गरज नव्हती, हे आधीच कबूल करतो. डोमेन विकणारे एक पॅनेल देतात. चौकटी भरा, बटण दाबा, झालं. पण त्यात कसली आलीय मर्दुमकी? काळ्या पडद्यावर मिचमिचणाऱ्या कर्सरसमोर बसून जगाला आपला पत्ता आपणच सांगायचा, अशी खुमखुमी आली आणि बाइंड हा नेम सर्व्हरचा प्रोग्रॅम बसवला.

पहिला झटका विरामचिन्हांचाच. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्रत्येक विधान अर्धविरामानं संपवावं लागतं. एक जरी राहिला तरी सर्व्हर उठतच नाही. झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावा-पत्त्यांच्या यादीत, मात्र अर्धविराम म्हणजे ‘यापुढचं वाचू नकोस’. दोघी एकाच सर्व्हरच्या फाइली, पण सासू-सुनांइतकंही एकमत नाही. त्यातच ईमेलचा पत्ता लिहायचा, तोही ‘ॲट’च्या जागी टिंब देऊन, कारण ‘ॲट’ म्हणजे इथं अख्खा झोन. आपलाच पत्ता तसा वाचताना आपण माणूस नसून कुठलंतरी सबडोमेन आहोत असं वाटायला लागतं.

तर त्या रात्री मला फक्त एक ओळ घालायची होती. माझं खरं डोमेन सांगून लाज काढून घेत नाही. 1999 साली खास उदाहरणांसाठी राखून ठेवलेलं एक्झाम्पल.कॉम घेऊ. www हे टोपणनाव, मूळ नाव एक्झाम्पल.कॉम, एवढंच सांगणारं एक सीनेम रेकॉर्ड. ओळ लिहिली, फाइलच्या आवृत्तीचा सीरियल नंबर बदलला, तपासणीची कमांड दिली. ती म्हणाली, ‘ओके’. रीलोड केलं. साइट गायब.

डिग चालवलं, म्हणजे नेम सर्व्हरला थेट प्रश्न विचारणारी कमांड. उत्तरांची संख्या: 1. स्थिती: एनएक्सडोमेन. म्हणजे ‘उत्तर आहे, आणि ते असं की असं काही नाहीच’. सरकारी खिडकीवरसुद्धा इतकं नेमकं उत्तर मिळत नाही. नीट पाहिलं तर सर्व्हर जगाला माझा पत्ता सांगत होता: एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम.

या धंद्यात मुरलेल्या एका मित्राला फोन लावला. त्यानं ओळ वाचायला सांगितली. मी वाचली.

“आणि शेवटी?”

“शेवटी काय? कॉम.”

“अरे, टिंब कुठंय?”

झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब नसेल, तर सर्व्हर समजतो की गृहस्थ आळशी आहेत, अर्धंच नाव लिहिलंय. आणि मोठ्या अदबीनं मागे अख्खं डोमेन जोडून देतो. ते टिंब म्हणजे रूट, सगळ्या नावांचं मूळ. तपासणीवाली कमांड तरी काय करणार? टोपणनाव ज्याच्याकडे बोट दाखवतंय तो माणूस हयात आहे का, हे ती बघतच नाही. व्याकरण शुद्ध, मजकूर भंपक. ओके!

टिंब दिलं, रीलोड केलं. आता साइट कुणाला दिसे, कुणाला नाही. मलासुद्धा एकदा दिसली, एकदा नाही. इथं माझ्या दुसऱ्या पराक्रमाची ओळख करून देतो. माझे सर्व्हर दोन: प्रायमरी आणि सेकंडरी. सेकंडरी स्वतः काही लिहीत नाही. प्रायमरीचा सीरियल नंबर आपल्यापेक्षा मोठा दिसला, तरच नवी प्रत उतरवून घेतो. नंबर तारखेवरून देण्याची पद्धत आहे. मघाच्या घाईत मी 2025061401 ऐवजी 2052061401 टंकलं होतं. सेकंडरीनं ती बिनटिंबाची प्रत इमानेइतबारे घेतली आणि 2052 सालात जाऊन बसला. दुरुस्त प्रत मी शहाण्यासारखी 2025061402 या नंबरानं दिली. त्यावर त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ओळ: प्रायमरीकडून आलेला नंबर आमच्यापेक्षा लहान. ‘आमच्यापेक्षा’! तंत्रज्ञानात इतका भाऊबंदकीचा सूर मी पहिल्यांदाच ऐकला. प्रायमरीच्या लॉगनंही ‘सीरियल मागे गेलाय’ असं कळवलं होतं म्हणा, पण लॉग वाचणारा माणूस टिंब विसरत नसतो.

आता 27 वर्षं थांबणं आलं, किंवा गणित. नंबर 32 बिटांचा असल्यामुळे 4294967295 नंतर पुन्हा शून्य येतो, घड्याळात बारानंतर एक यावा तसा. या घड्याळात पुढे-मागे कसं ठरवायचं त्याचे नियम 1996 साली लिहून ठेवलेत. एका दमात जास्तीत जास्त 2147483647 पुढे सरकता येतं. तेवढे मिळवले: 4199545048. सेकंडरी खूश, प्रत घेतली. मग 2025061403 दिला. घड्याळ फिरून आल्यामुळे हाही त्याला ‘पुढचा’च वाटला. रात्री दोन वाजता मी एका यंत्राला गोल फिरवून घरी आणलं होतं.

1983 मध्ये संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावांची व्यवस्था मांडली, त्याआधी सगळ्या जाळ्याची नावं एका मजकुराच्या फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची मंडळी ती सांभाळायची. बदल असला की त्यांना कळवायचं, बाकीच्यांनी नवी फाइल उतरवून घ्यायची. जग वाढलं, फाइल पुरेना, म्हणून अधिकार वाटून दिले. वाटपात एक तुकडा माझ्यासारख्याच्या हाती पडेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

दोन्ही सर्व्हर एकमुखानं बोलू लागले तरी माझ्या इंटरनेटवाल्यांचा रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीनं नावांचे पत्ते विचारून आणणारा सर्व्हर, जुनंच घोकत होता. लोक याला ‘डीएनएस पसरतोय’ म्हणतात. पसरत कुठे काही नाही. ज्यानं एकदा उत्तर ऐकलं तो मुदत संपेपर्यंत ते घट्ट धरून बसतो, आणि मुदत लिहिणारे आपणच. मी लिहिली होती 86400 सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस. मोठा आकडा रुबाबदार दिसतो म्हणून. डिग मारलं: उरले 71316. पुन्हा मारलं: 71309. चूक सेकंदासेकंदानं वयात येताना बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी नवीन नाव जोडायचं होतं. या वेळी टिंब दिलं, दोनदा मोजलं, सीरियल मोठ्यानं वाचला. आणि रीलोडच्या आधी, नाव खरंच अजून नाहीये ना, याची खात्री करायला रिझॉल्व्हरला एकदा विचारून घेतलं. तो म्हणाला, नाही. रीलोड करून पुन्हा विचारलं. तरी नाही. ‘नाही’ या उत्तरालाही मुदत असते, आणि तीही झोन फाइलच्या डोक्यावरच्या रेकॉर्डमध्ये मीच लिहिलेली होती: 3600.

पुन्हा विचारलं. 3588.