कन्सोलपाशी संक्रांत

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्यात आयबीएमचा एएस/४०० जातीचा संगणक, म्हणजे आमचं यंत्र, आहे. ही जात १९८८ची. अकाउंट्समधली निम्मी पोरं तिच्याहून लहान. ते बंद पडत नाही, हा त्याचा एकमेव दोष. पडलं असतं तर शेठनी केव्हाच नवं घेतलं असतं.

या यंत्रात कुणी थेट शिरत नाही. आधी सबसिस्टिम मांडावं लागतं, मग त्यात माणसं बसतात. लग्नातली पंगतच म्हणा. आमच्याकडे अकाउंट्स, डिस्पॅच, स्टोअर आणि खुद्द कन्सोल, म्हणजे यंत्राचा मुख्य पडदा, सगळे क्यूबेस नावाच्या एकाच पंगतीत. महिनाअखेरीला अकाउंट्सचा लांबलचक रिपोर्ट सुटला की डिस्पॅचच्या काकांचं चलन अडकायचं आणि गेटवर ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसायचा.

उपाय पुस्तकी होता. कन्सोल क्यूसीटीएल नावाच्या पंगतीत, बाकीचे क्यूइंटर नावाच्या, डिस्पॅचला स्वतःच्या मेमरीसकट वेगळं सबसिस्टिम. त्यासाठी क्यूसीटीएलएसबीएसडी ही एक व्हॅल्यू बदलायची. ती मात्र पुढच्या आयपीएललाच, म्हणजे यंत्र नव्यानं सुरू केल्यावरच, लागू होते, आणि त्याआधी पूर्ण बॅकअप हवा.

शेठ म्हणाले, "उत्तरायणे करी नाखो ने, भाई." म्हणजे संक्रांतीला करून टाक.

१४ जानेवारीला वडोदऱ्यात पतंग घेऊन गच्चीवर नसलेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात. पूर्ण बॅकअप घ्यायचा तर सगळी सबसिस्टिम्स बंद करावी लागतात. मग फक्त कन्सोल जिवंत राहतो. एसीच्या गारठ्यात हिरव्या अक्षरांसमोर मी एकटा, आणि बाहेर पतंग कापल्याची आरोळी, "काप्यो छे!"

यादीत एक जॉब अजून चालूच दिसला. काकांना फोन लावला.

"काका, काल साइन-ऑफ केलं होतंत ना?"

"अरे, मी दिवा मालवून, कुलूप लावून आलो!"

"तुमचं चलन अर्धं उघडं आहे."

"मग लाव की बंद करून. माझ्या हातात फिरकी आहे."

कन्सोलचा मान मोठा. क्यूसेकऑफर हे सर्वाधिकारी खातं चुकीच्या पासवर्डांनी डिसेबल झालं, तरी कन्सोलवरून आत येतं. पासवर्ड बरोबर हवा, एवढंच. म्हणून त्या खोलीची किल्ली शेठ तिजोरीच्या जुडग्यात ठेवतात.

टेपा बदलून झाल्या, आयपीएल झालं, पॅनेलवरचे अगम्य आकडे सरकून गेले. साइन-ऑनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात सबसिस्टिमपुढे 'क्यूसीटीएल' उमटलं. मी एकटाच टाळ्या वाजवणार, तेवढ्यात अकाउंट्समध्ये डोकावलो. तिथल्या सगळ्या पडद्यांवर डिस्पॅचचं सबसिस्टिम!

डिस्पॅचचं सबसिस्टिम बाहेरच्या एका सल्लागारानं बांधलं होतं. फी घेऊन त्यानं त्यातही 'सगळे पडदे, साइन-ऑनला' असं लिहून ठेवलं होतं. क्यूइंटरमध्ये तर ते असतंच. अशा वेळी जे सबसिस्टिम मागून सुरू होतं, ते रिकामे पडदे पळवतं. दोन यजमान, पाहुणे तेच. मग डिस्पॅचमधली ती सरसकट नोंद काढली, तिथले पडदे नावानिशी घातले आणि क्यूइंटरमध्ये त्याच नावांपुढे साइन-ऑनऐवजी 'एंटर' लिहिलं. म्हणजे दुसरीकडून आला तर बसव, आपणहून बोलावू नकोस.

पण नावं कोणती? यंत्रानं ती आपोआप दिलेली: डीएसपी०३, डीएसपी०७. कुठला पडदा कोणता हे मॉनिटरवरच्या चिठ्ठीवरून कळायचं, आणि डिस्पॅचच्या एका चिठ्ठीवर कुणीतरी गणपती चिकटवलेला. नखानं कोपरा उचलला, देवाची माफी मागितली. सात होता.

घरी पोचेपर्यंत उंधियू संपला होता. आईनं तिळगूळ हातावर ठेवून 'गोड बोल' म्हटलं, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर सल्लागार होता.

महिनाअखेर आली. अकाउंट्सचा रिपोर्ट चालू असतानाच काकांची चलनं पटापट निघाली, ट्रक गेले. शेठ खूश. काका मात्र माझ्याशी तुटक वागू लागले. शेवटी चहाच्या टपरीवर उलगडा झाला.

"पूर्वी यंत्र अडकलंय सांगून इथे अर्धा तास बसता यायचं," ते म्हणाले. "आता काय सांगू, तूच सुचव."